मुहूर्त पाहून पाणी

२६ एप्रिल, रविवार

आज मुहूर्त. सकाळपासून जवळजवळ अख्खी बाटली प्याले, बिनधास्त. समोरच्या कार्यालयात लग्न असलं की आम्हा साडीच्या दुकानातल्या बायकांची चैन. आधी नंदा जाऊन आली, मग मी. हातात चार अक्षता, पदर सारखा, तोंडावर हसू, आणि सरळ जिन्यामागच्या संडासात. मुलीकडच्यांना वाटतं मुलाकडची, मुलाकडच्यांना वाटतं मुलीकडची.

दारातल्या काकीला सगळं माहीत आहे. ती इथल्याच जुन्या गावातली. तिच्या सासऱ्याच्या भातशेतीवर हे कार्यालय उभं राहिलं, आता ती तिथेच खुर्ची टाकून राखण करते. आमच्याकडे बघून न बघितल्यासारखं करते. म्हणते, "जा गो बाय, लवकर ये."

आज मात्र फसले. बाहेर पडतेय तोच नवरीच्या आईने हात धरला. "जेवल्याशिवाय जायचं नाही हं!" हळदीकुंकू, ओटीत नारळ, वर ब्लाउजपीस. तो आमच्याच दुकानातला, मीच फाडून दिलेला. तिने मला ओळखलं नाही. गादीवरच्या बाईचं तोंड कोण बघतंय, साडी बघतात. नंदा हसून हसून लोळायची बाकी होती.

३० एप्रिल

डाव्या कुशीत कळ. इथे दिव्यात, घराजवळच्या डॉक्टरने गोळ्या दिल्या, म्हणाला पाणी भरपूर प्या, बाकी काही नाही. घरी आले तर टँकर आलेलाच नाही. सायली म्हणाली, "मम्मी, दोनच हंडे आहेत. भांडी की आंघोळ?" म्हटलं, डॉक्टरला विचारून ये.

दुकानात संडास आहे. नाही असं नाही. पण त्यात शेठने साड्या नेसवायचे पुतळे ठेवलेत, जुने, हात तुटलेले, आणि वर खोके. पुरुषमंडळी मागच्या भिंतीला जाऊन येतात, त्यांचं काय. स्टेशनवर जायचं तर परत येईपर्यंत आपलं गिऱ्हाईक दुसऱ्याच्या गादीवर, आणि ज्याच्या गादीवर साडी पसंत पडली त्याच्या नावावर कमिशन. म्हणून मुहूर्त नसेल त्या दिवशी पाणी नाही. साधा हिशोब.

सा. रोज बाटली भरून देते. ती संध्याकाळी तशीच भरलेली परत येते आणि मी माठात ओतते. दिव्यात पाणी फेकत नाही कोणी. आधी सा. कटकट करायची, हल्ली नुसती बघते.

४ मे, सोमवार

दुकानाला सुट्टी. दुपारी कॉलेजची एक मुलगी आली सर्व्हेला. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. आरोग्याच्या सवयी म्हणे. रोज किती ग्लास पाणी पिता? म्हटलं, आठ. सा. आतून खोकली.

मग विचारते, "समजा काकी, तुम्हाला आज शंभर रुपये मिळतील किंवा महिन्याने दीडशे. काय घ्याल?"

"आजचे शंभर."

"महिन्याने दोनशे?"

"आजचे शंभर."

"तीनशे असतील तर?"

"अगं बाई, महिन्याने तू येशील कशावरून? ही गल्ली तरी सापडेल का तुला परत?"

हसली आणि टॅबवर टिचकी मारली. काय लिहिलंस विचारलं तर म्हणे, "यात चूक-बरोबर काही नसतं काकी." मग नको ना लिहू!

जाताना पाणी मागितलं. दिलं. गटागट प्याली आणि लाजत म्हणते, "वॉशरूम वापरू का?" म्हटलं, वापर, पण पाणी बेताने घे गं.

पोरगी गोड होती. पण मला दिवसभर तो प्रश्न चावत राहिला. ह्यांना रात्री सांगितलं. हे म्हणाले, "दीडशे सांगायचंस, शहाणी दिसली असतीस."

९ मे

लघवी लाल. घाबरले. खूपच.

१२ मे

अर्धा दिवस रजा काढून कळव्याला दवाखान्यात. सोनोग्राफी झाली. डाव्या किडनीतून खाली येणाऱ्या नळीत खडा अडकलाय, किडनी सुजलीय. डॉक्टरीणबाई लहानच, सा.पेक्षा सात-आठ वर्षांनी मोठी असेल. दमलेली, पण बोलायला चांगली. म्हणाली, "ऑपरेशन करून घ्या. योजनेत बसतं. तोवर दिवसाला तीन लिटर पाणी प्या आणि लघवी अजिबात धरून ठेवायची नाही."

मी विचारलं, "किती दिवस ढकललं तर चालेल?"

तिने पेन खाली ठेवलं. "ताई, तुमचं वय काय? ही किडनी गेली तर? पुढचा विचार करा ना जरा."

पुढचा विचार! मी काय आंधळी आहे? दिसतं मला सगळं. डायलिसिसच्या मशीनला लावलेली माणसं पाहिलीत मी, आमच्या मजल्यावरच एक आहेत. पण अधिक महिना तोंडावर आलाय, मग लग्नं, मग आषाढ सेल. त्यात उठले तर गादी जाते, आणि गादी गेली की या वयात कोण बसवून घेणार? ह्यांची नोकरी कंत्राटावर, आज आहे उद्या नाही. हे सगळं तिला सांगायचं होतं. बाहेर रांग होती. "बरं" म्हटलं आणि आले.

१७ मे, रविवार

अधिक लागला. महिनाभर लग्न नाही, म्हणजे कार्यालयाला कुलूप. आणि दुकानात पाय ठेवायला जागा नाही! धोंड्याचा महिना, जावयाला वाण, लेकीला साडी, व्याह्यांना कपडे. देवाने अशी सांगड घातली की गिऱ्हाईक दुप्पट आणि मोरी बंद.

आज पाणी घेतलं नाही.

नवीन एक मुलगी लागलीय, विशीतली. दुपारपर्यंत अख्खी बाटली रिकामी केली आणि मग रडकुंडीला. तिला बाजूला घेऊन शिकवलं. जिभेखाली लवंग ठेवायची. बाटली तोंडाला लावायची, ओठ ओले करायचे, गिळायचं नाही. कोणी बघितलं तर वाटतं पितेय. कॅलेंडरवर मुहूर्त बघून ठेवायचे. ती म्हणाली, "थँक्यू ताई." मला बरं वाटलं. आता लिहिताना वाटत नाहीये.

२३ मे

शेठला म्हटलं, पुतळे हलवा ना, आम्हा बायकांचे हाल होतात. नाही म्हणाला नाही. तो कधीच नाही म्हणत नाही. "अधिक संपू दे वर्षाताई, करून टाकू. आत्ता सीझनमध्ये कुठे ठेवू ते?" वर म्हणतो, मुतखडा ना, मलाही झालेला, कुळथाचं कढण घ्या. त्याचं घर वरच्या मजल्यावर आहे. तो दिवसातून पाच वेळा जिना चढतो. त्याच्या कढणाला अर्थ आहे.

सासूबाईंनी संगमेश्वराहून कुळीथ पाठवलेत, भरपूर. सकाळी कढण पिते. आणि मग दिवसभर कोरडी. हे म्हणजे एका हाताने द्यायचं नि दुसऱ्याने काढून घ्यायचं.

३० मे

वर्तकनगरहून एक बाई आलेल्या, जावयासाठी आणि लेकीसाठी. बघता बघता त्यांच्या मनगटावरचं घड्याळ थरथरलं. "पाणी प्यायची वेळ," म्हणाल्या, पर्समधून बाटली काढली, प्यायल्या. पुन्हा थोड्या वेळाने तेच. मला म्हणतात, "तुम्ही पण पीत जा हो. चेहरा बघा किती सुकलाय."

हो म्हटलं, आणि पैठणीचा पदर उलगडला. सहा साड्या घेतल्या, चांगल्या होत्या बिचाऱ्या. पण अशी चीड आली! त्यांची नाही. कोणाची ते कळेना, म्हणून नंदावर ओरडले. तिलाही जायचं होतं.

११ जून

कळ येते, जाते. डॉक्टरची चिठ्ठी देव्हाऱ्यात ठेवलीय. ह्यांनी विचारलं, ऑपरेशनचं काय? म्हटलं, लग्नं संपू देत. "मग आषाढ सेल," ते म्हणाले. मग गणपती. मग दिवाळी. दोघंही हसलो. हे हसता हसता उठून बाहेर जाऊन उभे राहिले.

२३ जून, मंगळवार

आजचं सगळं लिहायला हवं.

अधिक सरला. कॅलेंडरवर आज मुहूर्त. मी ठरवलेलं, डॉक्टर म्हणते तसं आजपासून पाणी प्यायचं. घरून निघताना दोन ग्लास, वाटेत अर्धी बाटली, दुकानात पोचून उरलेली. सा. खूश. अकराच्या सुमारास पदर सावरून कार्यालयात गेले तर बाहेर बांबू बांधलेले. काकी म्हणाली, "आज लगीन नाय गो बाय. रंग काढलाय, नळ पण बंद हायत. परवा ये." कॅलेंडरात मुहूर्त होता म्हटलं तर म्हणते, "मुर्त हाय, पन नवरी नाय ना."

परत आले तर गादीवर नवरीकडची माणसं. नवरी, आई, दोन मावश्या, आत्या, आजी. शालू बघायचेत. असं गिऱ्हाईक आठवड्यातून एखादं. बसले. एक उलगडला, दुसरा, पाचवा. नवरीला लाल हवा, आईला हिरवा. पाय आवळून बसले होते. कुशीतून कळ निघाली ती थेट मांडीपर्यंत. घाम. आत्या म्हणतात, "तो वरचा दाखवा ना, कोपऱ्यातला." वरचा काढायचा म्हणजे उभं राहायचं. उभं राहिले असते तर तिथेच झालं असतं.

मग मला काय झालं माहीत नाही. उठले, मागे गेले, संडासाचं दार उघडलं. आत पुतळे. एकेकाला कमरेत धरून बाहेर काढायला लागले. उघडे, टकले, हात तुटलेले. जागाच नव्हती, मग आणून ठेवले गादीपाशी, नवरीच्या शेजारी. शेठ काउंटरवरून ओरडला, "अहो ताई, हे काय!" मी खोके पण काढले. दार लावलं.

नळाला पाणी नव्हतं. बाटलीही रिकामी. पण सुटले.

बाहेर आले तर चार पुतळे उभे आणि मधे आजी. सगळ्यांदेखत म्हणाल्या, "बाई, आहे का सोय? मलाही मघापासून जायचंय." नंदाने कोपऱ्यावरच्या हॉटेलातून बादली आणली. आजी गेल्या. मावशी गेल्या. नवरी पण गेली! मग लाल आणि हिरवा, दोन्ही शालू घेतले, माझ्याच गादीवर. शेठने बिल केलं.

घरी सांगितलं तर सा. पोट धरून हसली आणि मग मला मिठी मारली.

२६ जून

पुतळे माळ्यावर गेले. शेठने प्लंबर बोलावला. फरशी बसतेय. नंदा मला "झाशीची राणी" म्हणते. तीन दिवस पाणी पितेय. पाणी गोड असतं हे विसरलेच होते.

१ जुलै

फरशी झाली. आरसा, हँडवॉश, सुगंधी वड्या. दारावर पाटी: फक्त ग्राहकांसाठी. कुलूप. चावी शेठच्या गल्ल्यापाशी, खिळ्याला.

शेठ म्हणाला, "वर्षाताई, आयडिया तुमचीच. बायकांचं गिऱ्हाईक जास्त वेळ बसतं आता." आणि आम्ही? "मागा ना चावी, मी नाही म्हणतो का? फक्त सगळ्यांनी ये-जा केली की घाण होते, आणि गिऱ्हाईक असताना नको."

गिऱ्हाईक नसतं कधी? मागितली एकदा. सगळ्यांसमोर. पुरुषमंडळी बघत होती. शेठने घड्याळाकडे बघितलं. दुसऱ्यांदा मागितली नाही. आता लग्न असलं तरी समोर जाता येत नाही, म्हणतो दुकानातच सोय आहे की.

माझ्याच हाताने केलं मी हे. पुतळे होते तेच बरे होते, त्यांना कुलूप नव्हतं.

३ जुलै

थंडी वाजून ताप. दात वाजतायत. पुढे लिहवत नाही.

८ जुलै

घरी आले. चार दिवस कळव्याला ॲडमिट होते. किडनीत पू व्हायला लागलेला. आतून एक नळी घातलीय, वाट मोकळी ठेवायला. तीच डॉक्टरीण होती. रागावली नाही. उशाशी बसून म्हणाली, "ताई, ही नळी कायमची नाही. २४ तारखेला या, खडा फोडून काढू, मग नळी काढू. नळी तशीच ठेवून लोक बरं वाटतं म्हणून येत नाहीत, तिच्यावरच खडा चढतो. मग किडनी वाचवणं कठीण. आणि पाणी."

पाणी पितेय. दर थोड्या वेळाने जावं लागतं, जळजळ होते. अशी मी गादीवर बसूच शकत नाही. ऑपरेशननंतरही काही दिवस घरीच, मग महिनाभर तरी जपायचं.

११ जुलै

शेठ घरी आला, फळं घेऊन. दिव्याचा जिना चढून आला बिचारा. म्हणाला, "जागा सोडू नका. आषाढ सेल आहे, गादी रिकामी ठेवता येत नाही मला. दुसरी बसवली तर तिला परत उठवू कसा? सायलीला बसवा बदलीवर. घरची जागा घरात राहील."

वाईट बोलला का? नाही. असंच करतात सगळे. नंदाची गादीही तिच्या जावेची होती.

सा. लगेच म्हणाली, "जाते ना मम्मी. कॉलेज सकाळचं आहे, तिथून दुकान. तू बरी हो." बारावीला चांगले मार्क मिळवून बी.कॉम.ला नाव लागलंय तिचं, डोंबिवलीतच, दुकानापासून जवळ. हे माझ्याकडे बघत होते, मी भिंतीकडे.

हो म्हटलं.

१५ जुलै

सा.चा तिसरा दिवस. सकाळी सहाला जाते, रात्री नऊला येते. पाय सुजतात. म्हणते, मजा येते, नंदामावशी सांभाळून घेते. एक नारायणपेठ विकली म्हणून केवढी खूश!

मी आता तिची बाटली भरते. आयुष्यात पहिल्यांदा घरी बसून आहे आणि दिवसभर पाणी पितेय. हे सुख आहे की काय आहे कळत नाही.

१९ जुलै, रविवार

बाटली भरलेली परत आली.

मी म्हटलं, "प्यायली नाहीस?"

"तहान नाही लागली. एसी असतो ना."

"चावी मागायची शेठकडे."

"मागितली काल. सगळे बघतात गं मम्मी. आणि परत येईपर्यंत माझं गिऱ्हाईक शेजारच्या गादीवरच्या दिनेशकाकांनी घेतलं."

माठाचं झाकण काढून तिने बाटली आत ओतली. तिला कोणी सांगितलं नव्हतं माठात ओतायला. हातच तसा गेला. मी आत जाऊन पदर तोंडात कोंबून रडले. बाहेर टीव्ही चालू होता म्हणून बरं.

२१ जुलै

त्या सर्व्हेवाल्या मुलीची आठवण येतेय. आज शंभर की महिन्याने दीडशे. हे नाही विचारलं तिने की, काकी, तुमचे दीडशे तुमच्या पोरीच्या अंगातून काढले तर घ्याल का? यावर काय टिचकी मारली असती?

ह्यांच्याशी बोलले. म्हटलं, मला आता बरं वाटतंय. नळी राहू दे थोडे दिवस. मी जाते परत गादीवर, पोरीला सोडवते. आषाढ संपला की करू ऑपरेशन.

हे पहिल्यांदाच ओरडले. "मेलीस तर गादीवर कोण बसणार? तीच ना?"

मग स्वतःच रडले. मी त्यांना पाणी दिलं.

२३ जुलै

पिशवी भरली. दोन गाऊन, टॉवेल, फाइल, आधार कार्ड. भरली म्हणजे जाणार असं नाही. दुकानाची साडी पण इस्त्री करून खुंटीला लावलीय.

सा.ने दोन्ही बघितलं. म्हणाली, "मम्मी, प्लीज. जा तू. महिना-दीड महिना काय गं, चुटकीसरशी जातो." मी पण असंच म्हणून बसलेले त्या गादीवर. सा. तेव्हा बालवाडीत होती.

शेठला फोन केला. म्हटलं, पोरीला निदान दोनदा उठू द्या. "अहो मी कुठे अडवतो?" खरंच नाही अडवत. कोणीच कोणाला अडवत नाहीये. शेठ नाही, सा. नाही, डॉक्टर नाही. तरी मला श्वास घ्यायला जागा नाही.

२४ जुलै, सकाळ

दिवा स्टेशन. बाकावर बसून लिहितेय. हे तिकिटाच्या रांगेत. मला म्हणाले, "कळव्याचं काढू ना?" मी समोरच्या फलाटाकडे बघितलं, हे तसेच गेले.

सा. समोरच्या फलाटावर, डोंबिवलीच्या बाजूला. आज कॉलेजला दांडी मारून मला सोडायला थांबली होती, इथून थेट दुकान. घरून निघताना बाटली तिने ओट्यावर काढून ठेवलेली, मी परत सॅकमध्ये घातली. शपथ घातली, पिऊन दाखव म्हणून.

आत्ता हात हलवून तिने माझं लक्ष वेधलं. बाटली उंच करून दाखवली. झाकण काढलं, तोंडाला लावली, मान मागे टाकली. खाली घेतली आणि हसली. बघ, प्याले.

पण गळा हलला नाही. ओठ ओले केले फक्त. पाणी जेवढं होतं तेवढंच.

हे मी तिला कधीच शिकवलं नव्हतं. नव्या मुलीने शिकवलं असणार. आणि नव्या मुलीला मी.

हे तिकिटं घेऊन येतायत. कळव्याची गाडी लागलीय इंडिकेटरवर, डोंबिवलीचीही. फाइल मांडीवर आहे. मी अजून उठलेले नाही.